लेसरसाठी कोणता स्फटिक?

नवरात्रात आमच्या छावणीत कर्णपुऱ्याच्या देवीची मोठी यात्रा भरते. रहाटपाळणे असतात, रेवड्या-बत्तासे असतात आणि अलीकडे खेळण्यांच्या दुकानांत पेनाएवढे लेसर लाइटही असतात. काही लाल, काही हिरवे. वर्गातली मुलं मला विचारतात, "बाई, हिरवा महाग का?" नुसता रंग बदलला, एवढाच फरक असेल असं आपल्याला वाटतं. पण तसं नाही बरं का! लाल लाइटमध्ये अर्धवाहकाचा एक बारीक तुकडा असतो. वीज दिली की तो थेट लाल प्रकाश देतो. बहुतेक हिरव्या लाइटमध्ये मात्र मसुरीच्या दाण्याहून लहान असे दोन स्फटिक बसवलेले असतात. त्यांतल्या एकाचे भाऊबंद डोळ्यांच्या दवाखान्यात आहेत, चंद्राभोवती फिरलेल्या आपल्या यानात होते आणि विश्वाच्या पार कोपऱ्यातली थरथर टिपणाऱ्या वेधशाळेतही आहेत. तशीच एक वेधशाळा आपल्या मराठवाड्यात व्हायची आहे.

तर आज ओळख या स्फटिकांची. कोणता कुठे पहिला येतो, कुठे नापास होतो आणि का, ते पाहू. आणि हो, यात्रेतला लाइट उघडून पाहायचा नाही हं! का, तेही पुढे सांगणार आहे.

घर आणि पाहुणा

आधी लेसर म्हणजे काय ते थोडक्यात. आठवडी बाजारातली गर्दी आठवा. कुणी इकडे चाललंय, कुणी तिकडे, कुणी मध्येच उभं राहून भाव करतंय. बल्बचा प्रकाश असा असतो. आता जवानांची परेड आठवा. एकच दिशा, एकच चाल, पाय उचलला की सगळ्यांचा एकदम. लेसरचा प्रकाश हा असा. छावणीतल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ही शिस्त लावतो कोण? अणू. बाहेरून ऊर्जा मिळाली की अणू जणू वरच्या मजल्यावर चढतो. तो वर असताना त्याच्या जवळून नेमक्या त्याच्या रंगाचा प्रकाशकण गेला, तर अणू खाली उतरतो आणि अगदी तसाच आणखी एक प्रकाशकण सोडतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ! आइन्स्टाइन यांनी हे १९१७ सालीच मांडून ठेवलं होतं. स्फटिकाच्या दोन्ही टोकांना समोरासमोर आरसे लावले की प्रकाश मध्येच येरझाऱ्या घालत वाढत जातो. एक आरसा मुद्दाम थोडा 'गळका' ठेवतात. त्यातून जो बाहेर पडतो तो लेसरचा किरण.

घन पदार्थाच्या लेसरमध्ये हे काम सगळ्या स्फटिकाचं नसतं. स्फटिक हे फक्त घर. काम करतो तो त्यात राहायला आलेला पाहुणा अणू. माणकाचंच पाहा. ते मुळात अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा बिनरंगी स्फटिक. त्यात दर तीन हजार अॅल्युमिनियम अणूंमागे साधारण एकाच्या जागी क्रोमियमचा अणू बसवला की स्फटिक गुलाबी-लाल होतो, आणि लेसरच्या कामाचाही होतो.

तुम्ही म्हणाल, "मग आपल्या गारगोटीचा लेसर का नाही होत?" प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात काय कमी स्फटिक आहेत? विहीर खणताना, खाणीत दगड फोडताना पोकळ्यांमधून चमचमत्या गारगोट्या निघतात. पण गारगोटीतले सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू इतके दाटीवाटीनं बसलेले असतात, की लेसरच्या कामाचा नीओडिमियमसारखा जाडजूड पाहुणा तिथे मावतच नाही. घर सुंदर असून भागत नाही, पाहुण्याच्या मापाची खोलीही हवी.

पहिला मान माणकाचा

१६ मे १९६० या दिवशी अमेरिकेतल्या मालिबू इथल्या ह्यूज प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी जगातला पहिला लेसर चालवला. बोटाच्या पेराएवढी कृत्रिम माणकाची कांडी आणि तिच्याभोवती स्प्रिंगसारखा वळवलेला छायाचित्रणाचा फ्लॅश, एवढीच ती सामग्री! किरण आला गडद लाल, तरंगलांबी ६९४ नॅनोमीटर. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.)

यातली खरी गंमत पुढेच आहे. माणिक या कामाला कुचकामी, असं तेव्हाच्या जाणकारांनी ठरवून टाकलं होतं. माणकाला दिलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम एक टक्का उपयोगी प्रकाशात उतरते, असं एक मोजमाप छापून आलं होतं. मेमन यांनी ते तसंच न स्वीकारता पुन्हा मोजलं. उत्तर आलं ७५ टक्क्यांच्या आसपास! एवढं करूनही त्यांचा शोधनिबंध एका नामवंत नियतकालिकानं परत पाठवला. मग तो 'नेचर'मध्ये ऑगस्ट १९६० मध्ये छापून आला.

माणकानं पुढे पराक्रमही केले. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अपोलो ११ च्या वीरांनी तिथे एक परावर्तक ठेवला होता. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेनं १ ऑगस्ट १९६९ ला माणकाच्याच लेसरनं त्याच्यावर झोत टाकून परत आलेला प्रकाश टिपला.

मग माणिक मागे का पडलं? समजा, तुमच्या वर्गात ६० मुलं आहेत आणि वर्ग तळमजल्यावर आहे. माणकाचा नियम असा, की वरच्या मजल्यावरून उडी थेट तळमजल्यावर. पण तळमजल्यावर बसलेला प्रत्येक अणू समोरून जाणारा प्रकाशकण गिळून टाकतो! तेव्हा देणारे जास्त आणि गिळणारे कमी व्हायचे, तर ६० पैकी निदान ३१ मुलं वर चढवलीच पाहिजेत. केवढी ऊर्जा लागते! म्हणून माणकाचा लेसर फ्लॅशसारखा धडाक्यानं एकदा चालतो, दम खातो, मग पुन्हा. सतत चालवणं फार महागात पडतं.

यॅग आला, राज्य करू लागला

१९६४ साली अमेरिकेच्याच बेल प्रयोगशाळेत जोसेफ ग्यूसिक, मार्कोस आणि व्हॅन युटर्ट यांनी नवं घर आणि नवा पाहुणा शोधला. घर यिट्रियम आणि अॅल्युमिनियमचं, गार्नेट कुळातलं. नवरत्नांतला गोमेद याच कुळातला. या घराच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून झालं 'यॅग'. पाहुणा नीओडिमियम. स्फटिक फिकट जांभळट दिसतो. किरण १०६४ नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त. डोळ्यांना दिसतच नाही.

यात विशेष काय? मघाचा वर्ग आठवा. नीओडिमियमचा अणू वरून उडी मारतो ती तळमजल्यावर नाही, जिन्यातल्या मधल्या टप्प्यावर. आणि हा टप्पा जवळजवळ रिकामाच असतो, कारण तिथे आलेला लगेच घसरून खाली जातो. म्हणजे ६० पैकी दोन-तीन मुलं वर चढली तरी देणारे जास्त, गिळणारे कमी. काम झालं!

मोठ्यांसाठी एक गंमत. याच यॅगचे बिनरंगी, पैलू पाडलेले खडे एके काळी नकली हिरे म्हणून दागिन्यांत वापरायचे.

तुमच्या आजी-आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर 'यॅग' हा शब्द घरात कदाचित ऐकला असाल. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी काहींना पुन्हा धूसर दिसू लागतं. "मोतीबिंदू परत आला," असं लोक म्हणतात. पण तो मोतीबिंदू नसतो. बसवलेल्या भिंगामागचा पातळ पापुद्रा पांढुरका झालेला असतो. डॉक्टर यॅग लेसरचे अगदी क्षणभराचे ठोके देऊन त्या पापुद्र्याला मधोमध छिद्र पाडतात. डोळा कापावा लागत नाही, टाका नाही, आणि आजोबा त्याच दिवशी घरी.

आपल्या चांद्रयान-१ मध्येही (२२ ऑक्टोबर २००८ ला निघालेलं ते) चंद्राच्या जमिनीची उंच-सखल मापं घ्यायला नीओडिमियम-यॅगचाच लेसर होता.

असा स्फटिक तयार करायचा म्हणजे मात्र परीक्षाच. इरिडियम धातूच्या भांड्यात सगळं द्रव्य १९७० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवतात. त्यात यॅगचा एक छोटा 'बीज-स्फटिक' टेकवून तो गोल फिरवत हळूहळू वर ओढतात. किती हळू? तासाला साधारण अर्धा मिलिमीटर! पंधरा सेंटिमीटरची कांडी हवी असेल तर करा हिशेब. तीनशे तास, म्हणजे साडेबारा दिवस आणि साडेबारा रात्री. मध्ये लाइट गेली तर संपलंच. एवढं करून नीओडिमियम आत येताना कुरकुरतो तो वेगळाच, कारण यिट्रियमची खोली त्याला किंचित अपुरी पडते. म्हणून शंभरात एखादाच पाहुणा बसवता येतो. ओढण्याची ही पद्धत पोलंडच्या यान चोक्राल्स्की यांची, १९१६ सालची. असं सांगतात, की लिहिताना त्यांनी टाक चुकून दौतीऐवजी वितळलेल्या कथिलात बुडवला आणि ओढून पाहतात तो धातूची तार निघाली!

घाई केली की स्फटिक कसा बिघडतो, हे तुम्ही घरी तुरटीवर पाहू शकता. आईच्या मदतीनं गरम पाण्यात मावेल तितकी तुरटी विरघळवा आणि ते पाणी दोन पेल्यांत ओता. प्रत्येकात एक दोरा सोडा. एक पेला कागदानं झाकून कोपऱ्यात चार-पाच दिवस ठेवा, दुसरा लगेच फ्रिजमध्ये. कोपऱ्यातल्या दोऱ्यावर थोडे पण मोठे, निवळ खडे येतील. फ्रिजमधल्यावर बारीक, पांढुरका चुरा.

सगळ्यांचा एकच शत्रू

उष्णता! पाहुण्याला दिलेली सगळी ऊर्जा किरणात जात नाही, उरलेली स्फटिक तापवते. कांडी मधोमध तापते, कडेला पाण्यानं थंड राहते, आणि मग ती भिंगासारखी वागू लागते. किरण बिघडतो. फारच ताण आला तर कांडी तडकते. थंड काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला की काय होतं, ठाऊक आहे ना? स्टीलच्या पेल्याला तसं होत नाही, कारण स्टीलमध्ये उष्णता भराभर पसरते.

या बाबतीत स्फटिकांचा निकाल मोठा मजेदार आहे. उष्णता वाहून नेण्यात माणिक सर्वांत हुशार, यॅगच्या दुपटीहून अधिक. पण त्याला चालवायलाच इतकी ऊर्जा ओतावी लागते, की ती हुशारी वाया जाते. यॅग मधला, तरी दणकट. व्हॅनाडेट नावाचा त्याचा धाकटा सोबती त्याच्या निम्माही नाही. आणि काच तर यॅगच्या दहाव्या हिश्शाएवढी.

तरीही काच टाकून दिलेली नाही. काच म्हणजे स्फटिक नव्हे, तिच्यात अणूंची ओळीनं मांडणी नसते. पण म्हणूनच तिच्यात नीओडिमियम हवा तितका मावतो आणि तिच्या दरवाज्याच्या फळीएवढ्या लाद्या ओतता येतात. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत अशा काचेच्या लाद्यांतून १९२ किरण वाढवून मिरीएवढ्या गोळीवर एकवटतात. ५ डिसेंबर २०२२ ला तिथे २.०५ मेगाज्यूल लेसर-ऊर्जा देऊन अणूंच्या मीलनातून ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली. फक्त एकदा झोत सोडला की काच निवायला काही तास थांबावं लागतं!

उष्णता कमी व्हावी म्हणून पाहुणाही बदलून पाहिला. हा हिशेब सातवी-आठवीच्या मुलांनी वहीत करावा. नीओडिमियमला ८०८ नॅनोमीटरचा प्रकाश खाऊ घातला की तो १०६४ चा परत देतो. ८०८ भागिले १०६४ केलं की कळतं, शंभरातले २४ भाग उष्णतेत गेले. इटर्बियम नावाचा पाहुणा ९४० चा घेतो आणि १०३० चा देतो. इथे फक्त नऊच भाग गेले. म्हणून पोलादाचे जाड पत्रे कापणाऱ्या मोठ्या लेसरमध्ये आता इटर्बियमची चलती आहे.

हिरव्या लाइटचं गुपित

आता यात्रेतल्या लाइटकडे. त्यातला पहिला स्फटिक तो मघाचा व्हॅनाडेट. घर यिट्रियम व्हॅनाडेटचं, पाहुणा नीओडिमियमच. हा ८०८ नॅनोमीटरचा प्रकाश इतक्या हावरेपणानं पितो, की मिलिमीटरभर तुकडा पुरतो. उष्णतेला कच्चा असला तरी छोट्या कामाला चपळ. त्यातून निघतो तोच अदृश्य १०६४ चा किरण. मग दुसरा स्फटिक, केटीपी नावाचा, दोन-दोन प्रकाशकण जोडून एक करतो. तरंगलांबी निम्मी होते, ५३२, आणि आपल्याला हिरवा दिसतो.

आई-बाबांनी हे आता नीट वाचावं. सगळा अदृश्य प्रकाश काही हिरवा होत नाही. उरलेला अडवायला पुढे एक गाळणी बसवायची असते. स्वस्त मालात ती नसली तर हिरव्याबरोबर न दिसणारा किरणही बाहेर येतो. प्रखर उजेड दिसला की आपली पापणी पाव सेकंदात मिटते. पण जे दिसतच नाही त्याला पापणी कशी मिटणार? डोळ्याचं भिंग मात्र तोही किरण थेट मागच्या पडद्यावर एकवटतं. अमेरिकेच्या मानक संस्थेनं १२२ लेसर पॉइंटर तपासून २०१३ साली निकाल जाहीर केला. त्यांतले हिरवे जवळजवळ ९० टक्के सुरक्षेच्या नियमात बसत नव्हते. लेबलवर काय छापलंय त्यावर विसंबून चालत नाही, हे यावरून दिसतं. आणि झोत जोरदार असला तर कोणत्याही रंगाचा लेसर घातकच. २०२३ साली गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या लेसरमुळे नाशिकमध्ये काही तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. मला विचाराल तर हिरवा लेसर लाइट हे लहान मुलांचं खेळणंच नव्हे. घेतलाच असेल तर कुणाच्याही तोंडावर मारू नका, आरशावर मारू नका आणि उघडू तर मुळीच नका.

एका लेसरवर दुसरा लेसर

माणकाचंच घर घ्या आणि क्रोमियमऐवजी टायटॅनियम बसवा. झाला 'टायटॅनियम-नीलम'! १९८२ साली पीटर मोल्टन यांनी तो प्रथम चालवला. याचा स्वभाव निराळा. बाकीचे एकच सूर धरतात, हा साधारण ६६० ते ११०० नॅनोमीटरपर्यंत हवा तो सूर लावतो, पेटीच्या सप्तकासारखा. आणि असे पुष्कळ सूर एकदम लावता येतात म्हणून सेकंदाच्या एक हजार अब्जाव्या भागाहूनही छोटे ठोके देतो. अवगुण एकच, त्याचा पाहुणा वरच्या मजल्यावर फार थोडा टिकतो. माणकातला क्रोमियम सेकंदाचा सुमारे ३०० वा भाग टिकतो, यॅगमधला नीओडिमियम ४ हजारावा, व्हॅनाडेटमधला १० हजारावा आणि हा तर ३ लाखावा! साध्या फ्लॅशनं तो वर चढेपर्यंत खालीसुद्धा येतो. म्हणून त्याला बहुधा दुसऱ्या हिरव्या लेसरनंच ऊर्जा पुरवतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात असे लेसर आहेत.

या इंदूरच्या केंद्राचे पहिले संचालक डॉ. दिलीप भवाळकर. भारतात लेसरचं काम उभं करणाऱ्यांत त्यांचं नाव आदरानं घेतात. २००० साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि आता औंढा नागनाथ

छावणीतून निघालात आणि जालना, जिंतूर करत गेलात की हिंगोली जिल्ह्यातलं औंढा येतं. नागनाथाचं देऊळ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. त्याच औंढा परिसरात 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा व्हायची आहे. ६ एप्रिल २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. २०३० पर्यंत ती पूर्ण करायचं तेव्हा ठरलं. पुण्याचं आयुका, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था या कामात आहेत.

काटकोनात दोन नळ्या, प्रत्येक चार किलोमीटर लांब. आत निर्वात. टोकांना ४० किलोचे आरसे. लेसरचा किरण दुभंगून दोन्हींकडे जातो आणि परत येऊन भेटतो. दूर कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच किंचित ताणलं-आखडलं जातं आणि दोन्ही वाटांच्या लांबीत फरक पडतो. केवढा? प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी! अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ ला ही थरथर पहिल्यांदा टिपली. ती निघाली होती सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून.

एवढं बारीक मोजायचं तर किरण कसा हवा? नुसता जोरदार नव्हे, कमालीचा स्थिर. रंग तसूभर हलला की मोजमाप बुडालं. अमेरिकेतल्या या वेधशाळांत किरणाचा उगम होतो तो नखाएवढ्या नीओडिमियम-यॅगच्या तुकड्यात. १९८५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात केन आणि बायर यांनी काढलेली ही युक्ती. बाहेर आरसे ठेवायचेच नाहीत. स्फटिकालाच असे पैलू पाडायचे, की प्रकाश आतल्या आत गोल फिरत राहील. आरसे वेगळे नाहीत, म्हणून ते हलण्याचा प्रश्नच नाही. यॅग एकसंध, कडक, छान घासता येणारा आणि उष्णता बऱ्यापैकी वाहणारा, म्हणून हे जमतं. किरण निघतो सुमारे दोनच वॅटचा. तो वाढवण्यासाठी पुढे कोणाला लावलंय, ठाऊक आहे? व्हॅनाडेटला! यात्रेतल्या लाइटमधल्या त्याच स्फटिकाला, पण चोख गाळणी, कुलूपबंद खोली आणि नेमकं तापमान यांच्या पहाऱ्यात. औंढ्याची वेधशाळा याच धर्तीवर व्हायची आहे.

पुढच्या पिढीच्या वेधशाळांसाठी मात्र शास्त्रज्ञ वेगळा विचार करताहेत. आजचे आरसे अतिशुद्ध काचेचे आहेत. त्यांच्याऐवजी सिलिकॉनचे आरसे अतिथंड करून वापरले तर थरथर आणखी कमी होईल. पण सिलिकॉन १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश पिऊन टाकतो, त्यातून पार जाऊ देत नाही. तिथे २००० च्या आसपासचा किरण लागेल, म्हणजे नीओडिमियम चालणार नाही. थ्युलियम आणि होल्मियम या दोन पाहुण्यांची नावं सध्या पुढे आहेत. त्यांना कोणतं घर द्यायचं, यॅगचंच की दुसरं, हे अजून ठरायचं आहे.